आयसीयूतली सिस्टर ते इनचार्ज, आणि त्याच्याही पुढे: नव्याने आलेल्यांसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग नुकतंच झालंय, आयसीयूत पोस्टिंग मिळालंय आणि पहिल्या महिन्यातच दोन प्रश्न पडलेत: हे मला झेपेल का, आणि झेपलं तर पुढे काय? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं, फक्त ते पटायला सहा-आठ महिने जातात. दुसऱ्याचं उत्तर मात्र आपल्याकडे कुणी नीट बसून सांगत नाही. कॉलेजात मॅनेजमेंटचा पेपर असतो. त्यात नेतृत्वाचे प्रकार पाठ करून घेतात आणि रोस्टर कसं लावायचं ते राहूनच जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडे बढती मिळते ती सेवाज्येष्ठता आणि डिग्री बघून. पण बेड चारचा मॉनिटर कोकलायला लागला की अख्खी शिफ्ट कुणाकडे बघते, ते या दोन्हींवर ठरत नाही. ते वजन वेगळं कमवावं लागतं, आणि ज्या इनचार्जकडे ते नसतं तिचं रोस्टरसुद्धा कुणी मनापासून पाळत नाही. म्हणून खाली डिग्री, परीक्षा वगैरे सगळं आहे, पण जास्त जागा मी रोजच्या कामालाच दिली आहे.

आधी शिडी बघून घ्या

राज्य सरकारच्या रुग्णालयांत सुरुवात अधिपरिचारिका म्हणून होते. त्यावर परिसेविका, म्हणजे आपल्या बोलण्यातली इनचार्ज सिस्टर. मग सहायक अधिसेविका आणि वर अधिसेविका, जिला सगळे मेट्रनच म्हणतात. शिकवण्याकडे जायचं असेल तर पाठ्यनिर्देशिकेची वेगळी वाट आहे. इथे रिक्त पदं आणि ज्येष्ठता यादी यांच्यावर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे परिसेविका व्हायला किती वर्षं लागतील हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नागपूरचं एम्स धरून देशभरातल्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर म्हणून लागता येतं, त्यासाठी नॉरसेट ही सामाईक परीक्षा असते. बीएस्सी असेल तर थेट, जीएनएम असेल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ मध्ये, म्हणजे ४४,९०० मूळ वेतनावर सुरुवात होते. पुढे सीनियर नर्सिंग ऑफिसर, असिस्टंट नर्सिंग सुपरिंटेंडंट, डेप्युटी, सुपरिंटेंडंट आणि चीफ नर्सिंग ऑफिसर अशा पायऱ्या आहेत. भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, तेव्हा ब्रदर मंडळींनी स्पर्धेचा अंदाज घेऊनच अभ्यासाला बसावं.

खासगीत प्रत्येक ठिकाणी नावं वेगळी. साधारण क्रम स्टाफ नर्स, सीनियर स्टाफ, शिफ्ट इनचार्ज किंवा टीम लीडर, युनिट इनचार्ज, सुपरवायझर, मग नर्सिंग सुपरिंटेंडंट किंवा डायरेक्टर असा. इथे वर चढायला वेळ कमी लागतो. बरीच अनुभवी माणसं परदेशी किंवा सरकारी नोकरीत निघून जातात, जागा रिकामी होते आणि तीन-चार वर्षांच्या अनुभवावर इनचार्जपद समोर येतं. ही संधी आहे आणि सापळाही आहे. त्याबद्दल पुढे.

पायरी १: कागद पक्के करा

कंटाळवाणं आहे, पण इथेच अडकणारे खूप. महाराष्ट्रात काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची अनेक मुलं कर्नाटकात शिकून येतात. त्यांनी तिकडची नोंदणी इकडे वर्ग करून घ्यायला वेळ लागतो हे धरूनच नोकरीची तारीख ठरवावी. गोव्यात तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागते. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या पुढच्या शिक्षणाचे, तास दाखवावे लागतात. पाचव्या वर्षी धावपळ करून कार्यशाळा शोधण्यापेक्षा दर वर्षी थोडे थोडे करा, सर्टिफिकेटं एका फाइलीत ठेवा आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटोही असू द्या. शिवाय १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पत्रकांवर विसंबू नका, कौन्सिलच्या सूचना स्वतः वाचा.

बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडलेल्याला सावरण्याचं प्राथमिक आणि प्रगत ट्रेनिंग) पहिल्या वर्षातच करून टाका. दोन्हींची मुदत दोन वर्षांची असते. मुलाखतीत मुदत संपलेलं कार्ड दाखवणं म्हणजे कार्ड नसल्यातच जमा.

पायरी २: पहिली दोन वर्षं बेडपाशी

या काळात पदाचा विचारही करू नका. एकच सवय लावा: ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा, नर्सेस स्टेशनवर बसून घ्यायचा नाही, बेडपाशी उभं राहून घ्यायचा.

ओव्हर घेताना मी नव्या मुलींना नेहमी एकच क्रम सांगते. आधी पेशंटचा चेहरा आणि छाती बघायची, मॉनिटर नंतर. मग श्वासाची ट्यूब: ओठापाशी किती आकड्यावर बांधली आहे, कालच्या नोंदीत २२ असेल आणि आज २० दिसत असेल तर तिथेच थांबायचं. ट्यूबच्या कफमधलं (टोकाजवळच्या फुग्यातलं) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान आहे का. मग व्हेंटिलेटरच्या सेटिंगबरोबर अलार्मच्या मर्यादा. रात्री कुणीतरी वैतागून त्या ढिल्या करून ठेवलेल्या असतात. मग प्रत्येक पंपापासून ट्यूबिंग हाताने पकडत पेशंटपर्यंत जायचं. कुठलं औषध कुठल्या लुमेनमधून (लाइनच्या आतल्या वेगळ्या वाटेतून) चाललंय, त्याच लाइनला कुणी अँटिबायोटिक जोडलंय का. ड्रेन, कॅथेटर, तासाची युरिन. शेवटी कूस वळवून पाठ आणि टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर देणारी आणि घेणारी दोघींनी मिळून तो लिहायचा, म्हणजे दुपारी 'हा कुणाच्या शिफ्टमध्ये झाला' ही भांडणं होत नाहीत.

दुसरी गोष्ट हिशेबाची. पंपावर दिसणारा एमएल प्रति तासाचा आकडा तसाच पुढे लिहून मोकळं होऊ नका, तो डोस किती होतो ते स्वतः काढा. समजा नॉरॲड्रिनलिन (बीपी वाढवणारं औषध) ८ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये भरलंय. म्हणजे एका एमएलमध्ये १६० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट द्यायचंय, तर मिनिटाला ६, तासाला ३६०, आणि ३६० भागिले १६० म्हणजे २.२५ एमएल प्रति तास. हा हिशेब कागदाशिवाय जमायला लागला की एक फायदा होतो. कुणी घाईत २.२५ च्या जागी २२.५ टाकलं तर तुमची नजर तिथे आपोआप अडकते. सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून लेबल लावून तयार ठेवणं हेही यातच आलं. बीपी वाढवणाऱ्या औषधावर तग धरून असलेल्या पेशंटचं ते औषध सिरिंज बदलताना मिनिटभर जरी थांबलं तरी बीपी कोसळू शकतं.

या दोन वर्षांत शुद्धीसाठी जीसीएस, सेडेशनसाठी रास, दुखणं बोलून न दाखवू शकणाऱ्यांसाठी सीपॉट, बेडसोरच्या धोक्यासाठी ब्रेडन, हे स्कोअर रकाना भरायचा म्हणून भरू नका. रास उणे ४ आहे, म्हणजे पेशंट गाढ गुंगीत आहे, आणि सकाळी वीनिंगचा (व्हेंटिलेटर कमी करत काढण्याचा) विचार चाललाय, तर सेडेशन कमी करायचं का हे राउंडला विचारायचं काम तुमचंच आहे. असा प्रश्न विचारणारी सिस्टर राउंडवरच्या डॉक्टरांच्या लक्षात राहते.

पायरी ३: डॉक्टरांशी बोलायला शिका

पुढे जाणारी सिस्टर आणि मागे राहणारी सिस्टर यांच्यातला फरक मला सगळ्यात जास्त इथेच दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रात्री तीनचा फोन. एक तऱ्हा अशी: "सर, बेड ६ चं बीपी जरा कमी येतंय." झोपेतून उठलेला रजिस्ट्रार म्हणणार, "बरं, एनएस सलाइन २५० द्या," आणि फोन ठेवणार. चूक त्याची एकट्याची नाही. त्याला जेवढं कळलं तेवढंच उत्तर त्याने दिलं.

दुसरी तऱ्हा: "सर, आयसीयूतून बोलतेय, बेड ६. काल पोटाचं ऑपरेशन झालेले ६२ वर्षांचे काका. दोन तासांत पल्स ९२ वरून १२४ वर गेलीय, बीपी ९०/५०, मॅप ६३. युरिन दोन तासांची मिळून २५ एमएल. ड्रेनमध्ये एका तासात १५० ताजं रक्त आलंय, हातपाय गार पडलेत. मला ब्लीडिंग वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर मी एबीजी, सीबीसी आणि क्रॉसमॅचचं सॅम्पल पाठवू का?"

याला आयएसबार म्हणतात: मी कोण, काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. ट्रेनिंगमध्ये ही पाच अक्षरं सगळेच शिकतात. आपल्या मुली अडखळतात त्या चौथ्या आणि पाचव्यापाशी. 'मला ब्लीडिंग वाटतंय' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण निदान करणं डॉक्टरांचं काम असं मनावर ठसलेलं असतं. पण तुम्ही निदानावर शिक्का मारत नाही आहात. सहा तास त्या पेशंटशेजारी उभं राहून जे दिसलं ते सांगताय. 'येऊन बघा' हे शब्द तोंडातून निघाले पाहिजेत. नाही आले तर वीस मिनिटांनी परत फोन, तरी नाही तर कन्सल्टंटना, आणि प्रत्येक फोनची वेळ नोट्समध्ये. ही चढत जाणारी साखळी तुमच्या रुग्णालयात लेखी आहे का ते आधीच बघून ठेवा. नसेल तर इनचार्जला विचारून स्वतःच्या डायरीत लिहा.

तोंडी ऑर्डर घेतली तर ती परत वाचून दाखवायची, लिहायची आणि ठरलेल्या वेळेत सही घ्यायची. सही राहिली तर सकाळी कोणी 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणेल, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो खोटं बोलत नसतो, त्याला आठवतच नसतं.

पायरी ४: शिफ्ट चालवून बघा

दोन-अडीच वर्षांनी कधीतरी सीनियर रजेवर जाते आणि सुपरवायझर म्हणते, "आज तू बघ." इथून खरा सराव सुरू.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय पहिल्या दहा मिनिटांत होतो: कुणाला कुठला पेशंट. मैत्रिणींना हलके पेशंट आणि नव्या मुलीला डायलिसिस चाललेला, ही वाटणी दोन दिवसांत सगळ्यांच्या लक्षात येते. दोन व्हेंटिलेटर एकाच सिस्टरला द्यायची वेळ आलीच तर निदान ते शेजारी शेजारी असावेत. आयसोलेशनमधला पेशंट आणि प्रतिकारशक्ती खालावलेला पेशंट एकाच हाताखाली देऊ नये. नव्या सिस्टरच्या शेजारचा बेड अनुभवी सिस्टरकडे असावा, म्हणजे विचारायला तिला वॉर्ड ओलांडावा लागत नाही. आणि स्वतःकडे जमलं तर सर्वांत हलका पेशंट ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. सीटीला पेशंट न्यायची वेळ आली, नवी ॲडमिशन आली, कुणी कोसळलं, तर मोकळे हात तुमचेच लागणार.

शिफ्टच्या सुरुवातीला क्रॅश कार्ट (इमर्जन्सीची ट्रॉली): सीलचा नंबर रजिस्टरशी जुळतो का, डिफिब्रिलेटरची चाचणी झाली का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का. सीटीला न्यायच्या आधी ऑक्सिजन सिलिंडरचं प्रेशर आणि पोर्टेबल मॉनिटरची बॅटरी. लिफ्टमध्ये अडकल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

मग मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया. पुस्तकात यांच्यावर धडा नसतो, पण पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलायची तर ती त्यांच्याशिवाय बदलली जात नाही. मावशींना पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असतो, 'आज आजींचं पोट फुगल्यासारखं दिसतंय' हे कधीकधी त्या आपल्याआधी सांगतात. त्यांना बेडनिहाय काम वाटून द्या, चहाची वेळ ठरवून द्या आणि चारचौघांत आवाज चढवू नका. ज्या शिफ्टमध्ये मामा-मावशी रुसलेल्या असतात ती शिफ्ट सगळ्यांनाच जड जाते.

नातेवाइकांशी बोलण्याची हद्द ठरवून घ्या. रात्री झोप लागली का, ताप उतरला का, आंघोळ घातली का, हे तुम्ही सांगू शकता आणि सांगावंच. बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो. वाचेल की नाही, हे डॉक्टरांनीच सांगायचं. दोघांची उत्तरं वेगळी पडली की तिथून संशय सुरू होतो आणि पुढे आरडाओरडा. हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेलीच तर वैद्यकीय सेवेतल्या लोकांवरच्या हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा नर्सेसनाही लागू होतो. सिक्युरिटीचा आणि सुपरवायझरचा नंबर पाठ असू द्या.

पायरी ५: आकड्यांशी मैत्री

बहुतेक सिस्टर इथे कंटाळतात, त्यामुळे जिला जमतं ती पटकन वेगळी दिसते. व्यवस्थापनाशी बोलताना 'स्टाफ कमी पडतो हो' याचा काही उपयोग होत नाही. हिशेब मांडावा लागतो.

समजा १० बेडचं आयसीयू आहे. सरासरी ४ पेशंट व्हेंटिलेटरवर, ६ त्याशिवाय. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येकाला एक नर्स आणि बाकी दोघांमागे एक, हे प्रमाण धरलं तर ४ अधिक ३, म्हणजे शिफ्टला ७ जणी. तीन शिफ्टना २१. इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. वर्षाचे ३६५ दिवस आयसीयू चालू असतं, माणूस चालू नसतो. ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि साधारण ३० दिवसांच्या इतर रजा वजा केल्या तर एक सिस्टर २८३ दिवस हजर. ३६५ भागिले २८३ म्हणजे सुमारे १.२९. म्हणून वर ३० टक्के राखीव धरतात. २१ गुणिले १.३ म्हणजे २७.३, अर्थात २८ जणी, आणि इनचार्ज वेगळी. तुमच्या यादीत २१च नावं असतील तर डबल ड्युट्या का लागतात याचं उत्तर कागदावरच आलं. हा कागद घेऊन मेट्रनकडे गेलात तर निदान चर्चा तरी सुरू होते. २८ मिळतील असं मी म्हणत नाही. पण मुली आळशी आहेत हे बोलणं बंद होतं.

दुसरा आकडा संसर्गाचा. सेंट्रल लाइनमुळे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) झालेले संसर्ग १००० लाइन-दिवसांमागे मोजतात. रोज ठरलेल्या वेळी किती पेशंटना सेंट्रल लाइन आहे ते मोजायचं आणि महिन्याची बेरीज करायची. तीन महिन्यांत ९०० लाइन-दिवस झाले आणि ३ संसर्ग सापडले, तर ३ भागिले ९०० गुणिले १०००, म्हणजे ३.३. व्हेंटिलेटर-न्यूमोनिया आणि कॅथेटरच्या संसर्गाचं गणितही असंच. आकडा वाढला की लगेच कुणाला झापायचं नसतं. हब (लाइनचं औषध जोडायचं तोंड) घासलं जातंय का, ड्रेसिंग सुटल्यावर किती वेळाने बदललं गेलं, लाइन गरज नसताना राहिलीय का, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे का, हे चार दिवस वेगवेगळ्या शिफ्टमध्ये जाऊन डोळ्यांनी बघायचं. कारण बहुधा काहीतरी साधंच निघतं: हँडरबची बाटली बेडच्या चुकीच्या बाजूला टांगलेली असते.

चुका आणि होता होता टळलेल्या चुका लिहून देण्याची सवय शिफ्टमध्ये रुजवा. पोटॅशियम क्लोराइडचा अँप्युल दुसऱ्याच औषधाच्या खणात सापडला आणि कुणाला दिला गेला नाही, तरी तो लिहायचा. लिहिणारीलाच मेमो देणारी माणसं काही ठिकाणी असतात, हे खरं आहे. तिथे पुढच्या वेळी कुणी काही लिहीत नाही आणि खण तसाच राहतो.

पायरी ६: कुठलं शिक्षण, कधी

जीएनएम असाल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून घ्याच. ते नसेल तर वरच्या बऱ्याच दारांवर अर्जच घेत नाहीत, अनुभव कितीही असो.

एक वर्षाचा क्रिटिकल केअर नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा हा ज्यांना बेडपाशीच राहून पक्कं व्हायचंय त्यांच्यासाठी. दोन वर्षांचं एमएस्सी, बहुतेक जण मेडिकल-सर्जिकल घेतात, हे शिकवणं आणि वरची प्रशासकीय पदं दोन्हीकडे चालतं. त्यासाठी बीएस्सीनंतर वर्षभराचा अनुभव लागतो. तिसरी वाट नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअरची. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी पद्धतीचा अभ्यासक्रम, बहुतांश वेळ युनिटमध्येच जातो. कामाच्या दृष्टीने मला हाच सगळ्यात आवडतो. पण एक सांगून ठेवते, त्या नावाची पदं अजून मोजक्याच ठिकाणी आहेत आणि ठरलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीतच काम करावं लागतं. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठून, आता कुठे आणि कुठल्या पदावर काम करताय, हे विचारा.

बीएस्सी झाल्या झाल्या, आयसीयू न बघता एमएस्सीच्या मागे लागू नका. अट एक वर्षाची असली तरी निदान दोन-तीन वर्षं बेडपाशी काढा. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा कोर्स इनचार्ज झाल्यावर करा, तेव्हा त्यातलं काय उपयोगाचं ते कळतं.

पायरी ७: इनचार्जपद समोर आल्यावर

वर सापळा म्हटलं तो हा. तीन वर्षांच्या अनुभवावर पद मिळतंय, पगार थोडा वाढतोय, आणि सोबत जबाबदारी सगळी. हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. मंजूर पदं किती आणि प्रत्यक्षात माणसं किती? इनचार्जला पेशंट वाटून देतात का, म्हणजे तुम्ही सातांतल्या एक की आठव्या? आणि आधीची इनचार्ज का गेली? तिसऱ्याचं उत्तर समोरचा गुळमुळीत देईल, मग ते युनिटच्या मावशींना विचारा.

मुलाखतीत व्याख्या विचारत नाहीत. दोन सिस्टर एकाच दिवशी रजा मागतात, गणपतीत अर्धा स्टाफ कोकणात जायचा म्हणतो आणि ओणमला केरळच्या मुलींना सुट्टी हवी असते, एक सीनियर डॉक्टर हात न धुता पेशंटला हात लावतात, असे प्रसंग देतात. उत्तर तयार करून जायची गरज नाही, पण सणांच्या रजेसाठी तुमचा नियम काय, हे ठरवून जा. माझ्या बघण्यातला चालणारा नियम असा: गणपती, दिवाळी, ओणम, ख्रिसमस, ईद यांपैकी वर्षात कुठला सण हवा ते प्रत्येकीने जानेवारीतच लिहून द्यायचं, आणि मागच्या वर्षी ज्यांनी ड्युटी केली त्यांना आधी. हा कागद भिंतीवर लावलेला असला की निम्मी रडारड वाचते.

पहिले तीन महिने काही बदलू नका. बघा, लिहा, प्रत्येक शिफ्टला एकदा तरी हजर राहा, रात्रीसुद्धा. काल डबा वाटून खाणारी मैत्रीण आज तुमच्या हाताखाली आहे. डबा खा, पण तिच्याबद्दलची तक्रार डब्यावर बसून ऐकू नका. शाबासकी सगळ्यांसमोर, चूक दार लावून. आणि आठवड्यातून निदान एक दिवस पेशंट घ्या. इंडेंट (सामानाच्या मागण्या), रजिस्टरं आणि एनएबीएचच्या (रुग्णालयाच्या दर्जाच्या मानांकनाच्या) फाइलींमध्ये वर्ष गेलं की हात विसरतात, आणि मुलींना ते आपल्याआधी कळतं.

पुढच्या वाटा

प्रत्येकीने मेट्रनच व्हावं असं काही नाही. इन्फेक्शन कंट्रोल नर्स, क्लिनिकल एज्युकेटर, क्वालिटी विभाग ही पदं आयसीयूतल्या अनुभवावर छान जमतात, आणि तिथे रात्रपाळी बहुधा सुटते. अवयवदानाचं समन्वयन ही आणखी एक वाट. ब्रेनडेड पेशंट आयसीयूतच असतात, त्यामुळे हे काम आपण जवळून पाहिलेलं असतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांच्या जाळ्यात रुग्णालयांचे समन्वयक काम करतात. नातेवाइकांशी बोलण्याचं धैर्य असेल तरच जा. लष्करी शिस्त मानवत असेल तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून सुरुवात होऊन मेजर जनरलपर्यंत हुद्दे आहेत.

सुपरवायझर झालात की एका युनिटऐवजी रात्रभर अख्खं रुग्णालय सांभाळायचं. कुठल्या वॉर्डातून माणूस उचलून आयसीयूला द्यायचं हे ठरवताना दोन्हीकडच्या शिव्या खायची तयारी ठेवा. नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या वर गेलं की बजेट, भरती आणि व्यवस्थापनाच्या बैठका. तिथे पायरी ५ मधले हिशेब रोजचेच होतात.

परदेशी जाणाऱ्यांना एवढंच: ब्रिटनमध्ये इथला कितीही अनुभव असला तरी साधारण बँड ५ (तिथली पगारश्रेणी) पासून सुरुवात होते, वॉर्ड मॅनेजर बँड ७ ला. इथल्या इनचार्जने तिथे पुन्हा स्टाफ नर्स म्हणून उभं राहायची मनाची तयारी करून जावं. महाराष्ट्रातली नोंदणी चालू ठेवा, परत यायचं झालं तर लागते. आणि अनुभवपत्रात नुसतं 'स्टाफ नर्स' लिहून घेऊ नका. आयसीयूचा प्रकार, बेडची संख्या, व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळले, शिफ्ट इनचार्ज म्हणून किती काळ काम केलं, हे सगळं त्यात हवं. ते पत्र राजीनामा देण्याआधी मसुदा करून एचआरला द्या. नोकरी सोडल्यावर त्याच पत्रासाठी महिनोन्महिने फोन लावत बसावं लागतं.